केडगाव ते गुलबर्गा : मुक्तीच्या मुली आणि त्यांच्या दोन थोरल्या
(लेखांक नववा)

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारहून गुलबर्ग्याला जायचे तर आज राज्याची सीमा ओलांडावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ती सीमा नव्हती. नांदेड आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते, आणि त्याआधीच्या पिढ्यांनी दोन्हीकडे निजामाचाच अंमल पाहिला होता. दोन्हीकडे सरकारदरबारची भाषा उर्दू होती आणि शाळेत जाणारी मुलगी ही अपूर्वाईची गोष्ट होती. अशा मुलखात, १९१२-१३ च्या सुमारास, तिशी ओलांडलेली एक मराठी बाई गुलबर्ग्यात शाळा उभी करायला आली. ती पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक, मनोरमाबाई.

ख्रिस्ती स्त्रियांनी तरुण पिढीपुढे काय ठेवले, असा प्रश्न निघाला की रमाबाईंचे नाव लगेच घेतले जाते. मनोरमाबाईंचे क्वचितच. खरे तर आईचा कित्ता लेकीने कसा गिरवला, हे पाहिल्याशिवाय तो कित्ता काय होता ते नीट कळत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आधी बायकोला आणि मग बायकोने मुलीला संस्कृत शिकवले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत, उपाशी राहत, अखेर १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, लग्न झाले आणि दीड-पावणेदोन वर्षांत, १८८२ च्या फेब्रुवारीत, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती.

१८८३ मध्ये रमाबाई लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि तिथे, वाँटेज येथे, मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरचा प्रसंग तरुण वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी इंग्रज तरुणांना भारतीय भाषा शिकवाव्यात, अशी कल्पना पुढे आली तेव्हा काही वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणे त्यांना रुचेना. परक्या देशात, त्यांच्याच आधाराने राहणाऱ्या पंचविशीतल्या या विधवेने ठणकावून लिहिले की आपला विवेक आपण कोणाच्या ताब्यात दिलेला नाही. ख्रिस्ती झाल्या तरी त्या शाकाहारी राहिल्या. नवा धर्म स्वीकारताना स्वतःचे मत गहाण टाकायचे नसते, हे त्यांच्या वागण्यातून मनोरमेने लहानपणापासून पाहिले.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई ही बालविधवा होती. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई, घरच्यांची बाया, झाली. त्याच वर्षी शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा गदारोळ उठला. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसत, हे खरे होते, आणि पालकांचा राग समजण्याजोगा होता. पण बाया कर्वे हिंदूच राहिल्या, हेही तितकेच खरे. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात त्या जन्मभर राबल्या. त्यांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमासाठी निधी गोळा करायला थेट अमेरिकेपर्यंत गेली. रमाबाईंकडून निघालेली ही वाट धर्माच्या कुंपणाबाहेर इतकी दूर गेली, याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले गेलेले नाही.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मराठवाड्यात १९७२ आठवणाऱ्या आजीला दुष्काळ म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. रमाबाईंनी तर आधीच्या दुष्काळात आपले आईवडील गमावले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवणे शक्य नव्हते, म्हणून दौंडजवळच्या केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या जणींना नुसते जेवू घालणेही अवघड. रमाबाईंनी त्यांच्या हाती काम दिले. शेती, गुरे, माग, शिवण, तेलाचा घाणा आणि छापखाना. थोड्या मोठ्या झालेल्या मुलीने धाकट्यांना सांभाळायचे, शिकलेलीने न शिकलेलीला अक्षर गिरवायला लावायचे, असा तिथला रिवाज. अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवायला घेतले. दृष्टी नसलेल्या मुलीही वाचू लागल्या, पुढे इतरांना शिकवू लागल्या. दानाने माणूस जगतो. पण आपल्यावाचून दुसऱ्याचे अडते हे कळले की त्याची मान वर होते. मुक्तीचे सगळे शिक्षण या एका गोष्टीवर उभे होते.

छापखान्याचे उदाहरण तर विलक्षण आहे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला समजेल अशा मराठीत. ते छापायचे काम मुक्तीच्या मुलींनी केले. खिळे जुळवणे, मुद्रिते काढणे, पाने बांधणे, सारे त्यांच्याच हातचे. काही वर्षांपूर्वी अन्नाला महाग असलेल्या मुली आता ग्रंथ छापत होत्या.

हे सगळे पाठीशी घेऊन मनोरमाबाई गुलबर्ग्याला आल्या. तिथले शांतिसदन आणि ख्रिस्ती शाळा म्हणजे केडगावचाच अनुभव निजामाच्या राज्यात नेणे होते. आईच्या नावावर केडगावात सुखाने राहता आले असते. त्यांनी मागास जिल्हा पत्करला. रमाबाई त्यांच्याकडे आपल्या कामाची वारस म्हणून पाहत होत्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळीसाव्या वर्षी, मनोरमाबाई वारल्या. रमाबाई भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या आणि ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या.

या दोघींची नावे इतिहासात राहिली. खिळे जुळवणाऱ्या बहुतेक मुलींची नावे मात्र सहज सापडत नाहीत. जालन्याच्या आणि मिरजेच्या मिशन रुग्णालयांत रात्रपाळ्या करणाऱ्या परिचारिका, बायबल सांगत खेड्यांतून पायी फिरणाऱ्या ‘बायबल बाया’, एकशिक्षकी शाळा चालवणाऱ्या शिक्षिका, यांचेही तेच. कंधार, उदगीर, देगलूर, लातूर भागातल्या ज्या घरांत अशी आजी किंवा पणजी होऊन गेली असेल, तिथल्या तरुणांनी ही नावे शोधण्याचे काम आता हाती घ्यावे. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या पाहाव्यात, ट्रंकेतले जुने फोटो काढावेत आणि आठवणी सांगणारी माणसे आहेत तोवर त्या बायकांचे नाव, गाव, साल आणि काम वहीत उतरवून ठेवावे.