कर्ज फिटले, पण बोजा उतरला का?

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्याची दोन-चार एकर जमीन आहे, त्याला ‘बोजा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज काढले की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो. कर्ज फिटले म्हणून तो आपोआप उतरेलच असे नाही. बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जावे लागते, फेरफार धरावा लागतो, तेव्हा कुठे उतारा कोरा होतो. पुष्कळांना हे कळते ते जमिनीची वाटणी किंवा विक्री करायची वेळ आल्यावर.

असाच एक उतारा आज प्रत्येक कर्जदाराच्या नावावर निघतो. तो जमिनीचा नसून माणसाचा असतो. बोलीभाषेत आपण त्याला ‘सिबिल’ म्हणतो. कर्ज थकले की त्यावर डाग पडतो, आणि पुढे घाम गाळून पैसे भरले तरी नोंद दुरुस्त करून घेतली नाही तर तो डाग तसाच राहतो. कर्ज फिटणे आणि नोंद फिटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी आपण दागिने मोडतो, जनावरे विकतो. दुसरीसाठी एक अर्ज लिहायचा असतो आणि तोच राहून जातो.

‘आम्हाला आता कर्जच नको’

आपल्या अनेक घरांत असे म्हटले जाते की, एकदा व्याजाच्या चिखलातून बाहेर पडलो, आता पुन्हा त्या वाटेला जायचे नाही, मग सिबिलशी काय देणेघेणे? निर्धार चांगला आहे, पण ही नोंद आता बँकेच्या उंबरठ्यापुरती उरलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे ठरत आलेले लग्न मुलाचा सिबिल अहवाल पाहून मोडल्याची बातमी सर्व वर्तमानपत्रांत आली होती. त्याच वर्षी जून महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेचा एक निर्णय योग्य ठरवला. परीक्षा पास होऊन निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक बँकेने त्याच्या जुन्या थकबाकीच्या नोंदींमुळे रद्द केली होती. म्हणजे प्रश्न रिश्त्याचा आहे, नोकरीचा आहे आणि उद्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून सही करायची वेळ आली तर त्याच्या शिक्षणाचाही आहे.

ही नोंद ठेवते कोण?

सिबिल हे एका कंपनीचे नाव. २००० साली ती स्थापन झाली. आज देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेख ठेवते. बँका, वित्त कंपन्या आणि मायक्रोफायनान्स संस्था आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना देतात. पीककर्ज, सोनेतारण, दुचाकीचे कर्ज, हप्त्याने घेतलेला मोबाइल, महिलांच्या गटातून मिळालेले कर्ज हे सारे त्यात येते. भिशी, नातेवाइकांची उसनवारी, खासगी सावकाराचे पैसे यांची नोंद त्यात होत नाही.

या माहितीवरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो, तो स्कोअर. साधारण ७५० च्या वरचा आकडा चांगला मानतात. पण कायद्याने ठरवलेली अशी रेषा नाही, प्रत्येक बँकेचा आपला हिशेब असतो.

स्कोअर वाढवण्यामागे धावण्याआधी पूर्ण अहवाल मागवावा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो विनामूल्य दिलाच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन आणि मोबाइल क्रमांक देऊन तो मिळतो. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी अर्ध्या तासात तो काढून देईल. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. तो घटतो ते एकामागून एक बँकांकडे कर्जाचे अर्ज करत सुटल्याने.

अहवालात काय पाहावे?

पहिले म्हणजे प्रत्येक खाते आपलेच आहे का. आपल्याकडे हे विशेष निरखून पाहावे लागते. एका तालुक्यात एकाच नावाचे शेख, मुलाणी, तांबोळी, बागवान, आतार कितीतरी असतात. ‘मोहम्मद’ हे नाव आधारवर एका स्पेलिंगने, पॅनवर दुसऱ्या आणि बँकेत नुसते ‘मो.’ असे असते. बहिणींचे नाव निकाहाआधी एक, नंतर दुसरे. यातून एकाचे कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर दिसण्याचा संभव राहतो. म्हणून सर्व कागदपत्रांवरील नाव आणि जन्मतारीख आधी एकसारखी करून घ्यावी.

दुसरे, प्रत्येक खात्यापुढे महिन्यावार चौकटी असतात. त्यात ‘०००’ असेल तर हप्ता वेळेवर गेला. ‘०३०’, ‘०६०’ असे आकडे म्हणजे तितके दिवस उशीर. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की बँक ते खाते बुडीताकडे झुकलेले धरते, तेच एनपीए. अशा ३६ महिन्यांच्या चौकटी अहवालात दिसतात.

तिसरे, खात्याची स्थिती. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फिटले. ‘सेटल्ड’ म्हणजे तडजोडीत कमी रक्कम घेऊन मिटवले. ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने आपल्या वहीत ते बुडीत धरले. याचा अर्थ कर्ज माफ झाले असा नाही, वसुलीचा हक्क बँकेकडे राहतोच.

चौथे, जामीनदार म्हणून केलेल्या सह्या. मेहुण्याच्या किंवा मित्राच्या कर्जाला भिडेखातर जामीन राहिलो, तर ते कर्ज आपल्या अहवालातही येते. त्याने हप्ता चुकवला तर डाग आपल्यालाही लागतो.

सेटलमेंटचा गोडवा

समजा, बाजारात शिलाईचे दुकान असलेल्या एका भावाकडे बँकेचे १,८०,००० रुपये थकले आहेत. वसुली अधिकारी सांगतो, ‘एकरकमी १,१०,००० भरा, विषय संपवू.’ घरात आनंद होतो, ७०,००० वाचले! पण अहवालात ‘सेटल्ड’ असा शब्द बसतो आणि पुढची प्रत्येक बँक त्याचा अर्थ ‘याने पूर्ण पैसे दिले नाहीत’ असाच लावते. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकानुसार, शेतीखेरीज इतर कर्जात तडजोड झाली, तर त्या संस्थेला त्या कर्जदारास किमान १२ महिने नवे कर्ज देता येत नाही.

तडजोड वाईटच, असे नाही. घरात आजारपण असेल, धंदा बुडाला असेल आणि दुसरा मार्गच नसेल तर ती घ्यावी. पण डोळे उघडे ठेवून घ्यावी. ऐपत असेल तर पूर्ण मुद्दल भरून दंडाची रक्कम कमी करण्याची आणि हप्ते पाडून देण्याची विनंती आधी लेखी करावी. ऐपत असून देणे टाळणे हा जुलूम आहे, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपल्याला ठाऊक आहे; आणि तंगीत सापडलेल्या कर्जदाराला सवड द्यावी हेही कुरआनानेच सांगितले आहे. दोन्ही बाजू लक्षात ठेवून बोलावे. आधीच सेटलमेंट झाली असेल तर पुढे हात मोकळा झाल्यावर उरलेली रक्कम भरतो, खाते ‘क्लोज्ड’ करून द्या, असा अर्ज बँकेला देता येतो. बँकेचे उत्तर मात्र पैसे भरण्याआधी लेखी घ्यावे. लोकअदालतीत तडजोड करतानाही सिबिलला कोणता शब्द जाणार, हे सही करण्याआधी विचारावे.

शेतकऱ्यांनी आणखी एक पाहावे. २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी ज्यांना मिळाली, त्यांनी ते खाते अहवालात बंद दिसते की अजून थकीत, हे तपासावे. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे राज्य सरकारने बँकांना बजावले आहे. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी बँकांच्या बैठकीत हे पुन्हा सांगितले. तरी दुकानासाठी किंवा घरासाठी कर्ज मागायला गेलो की तीच जुनी नोंद समोर येते.

पावती, दाखला, अर्ज

मंगळवेढ्याची ओळख दामाजीपंतांच्या कथेने आहे. दुष्काळात त्यांनी बीदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार भुकेल्यांसाठी उघडले, त्या धान्याची रक्कम दरबारात भरली गेली आणि भरल्याची पावती घेतली गेली, अशी ती आख्यायिका. लोककथेलाही पावतीची गरज वाटली! आणि कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. तेव्हा ओळखीचे मॅनेजर आहेत म्हणून कागद मागायला संकोच करू नये.

शेवटचा हप्ता भरल्यावर या गोष्टी मागून घ्याव्यात : खाते बंद झाल्याचा बेबाकी दाखला, खात्याचा पूर्ण उतारा आणि तारण ठेवलेले मूळ कागद. घर-जमिनीचे मूळ कागद कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत परत करणे बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

महिन्या-दीड महिन्याने पुन्हा अहवाल काढावा. नोंद चुकीची दिसली तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर वाद नोंदवावा आणि त्याच दिवशी बँकेच्या शाखेतही दाखल्याची प्रत जोडून अर्ज द्यावा. पोच घ्यायला विसरू नये. बँकेने माहिती दुरुस्त केल्याशिवाय कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, म्हणून दोन्हीकडे अर्ज हवा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा हक्क आहे. विनंती फेटाळली तर तिचे कारण कळवावेच लागते. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आपण न काढलेले कर्जच नावावर दिसले तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

‘सिबिल साफ करून देतो’ असे सांगून पाच-दहा हजार मागणारे एजंट पुष्कळ भेटतात. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. एवढे कळले की एजंटची गरज संपते.

घरातल्या बायकांवर ताण का?

मायक्रोफायनान्सचे कर्ज बहुधा घरातील बाईच्या नावावर असते आणि हप्ता चुकला की दार तिलाच उघडावे लागते. तिला तिचे हक्क ठाऊक असावेत. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. वसुलीची जागा दोघांच्या संमतीने ठरलेली असावी लागते. लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे न गेल्यासच घरी येता येते. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी याला मनाई आहे. घराचे सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जातील असे मायक्रोफायनान्सचे नवे कर्ज देताही येत नाही. म्हणून एका गटाचे फेडायला दुसऱ्या गटाचे काढणे थांबवावे. विनापरवाना सावकाराचा जाच असेल तर राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्यात, लेखी तक्रार द्यावी.

विश्वास पुन्हा कसा जमतो?

जुन्या चौकटी पुसल्या जात नाहीत, त्या हळूहळू मागे सरकतात. आज सुरू असलेला हप्ता प्रत्येक महिन्याला वेळेवर गेला तर ‘०००’ ची रांग वाढत जाते आणि उशिराचे आकडे ३६ महिन्यांच्या चौकटींतून बाहेर पडतात. याला धीर लागतो.

सुरुवात लहान थकबाकीपासून करावी. मोबाइलच्या हप्त्याचे राहिलेले हजार-पाचशे रुपये किंवा न वापरलेल्या कार्डाचे शुल्कही अहवाल खराब करते. पगाराच्या किंवा मालाच्या पैशाच्या तारखेला लागून हप्त्याची तारीख मागून घ्यावी. केवळ स्कोअर वाढावा म्हणून नवे कर्ज काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांच्यासाठी जुनी खाती पूर्ण बंद करून दाखले जपणे, एवढीच वाट पुरेशी आहे. नवी थकबाकी नाही, नवा जामीन नाही, हेही उद्याच्या अहवालात दिसते.

सर्वांत अवघड काम मात्र घरातच असते. कर्ज किती, कोणाकोणाचे, हे पतीने पत्नीला आणि वडिलांनी मोठ्या मुलाला सांगितलेले नसते. इज्जत जाईल या भीतीने लपवलेले कर्जच नेमके वाढत जाते. या महिन्यात एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून एक कोरी वही घ्यावी, घेतलेले, फेडलेले, राहिलेले सारे तीत लिहावे, आणि घरातील प्रत्येक कर्जदाराचा एक विनामूल्य अहवाल काढून त्या वहीशी ताडून पाहावा. जिथे दोन्ही जुळणार नाहीत, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज घेऊन बँकेत जावे.