धाकट्या मैदानांची वारी

मनुष्यास कशाची हौस असावी ह्यास कांहीं नियम नाहीं. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं. कोणी गड पाहत हिंडतो, कोणी देवळें. इंग्लंडांत कांहीं हौशी लोक फुटबॉलचीं मैदानें ‘जमवितात’. तेथील साखळी सामन्यांच्या वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ संघ खेळतात. त्या सर्वांच्या मैदानांवर जाऊन सामना पाहिलेल्या लोकांचें ‘नाइन्टी-टू क्लब’ ह्या नांवाचें एक मंडळही १९७८ सालीं स्थापन झालें. परंतु ह्या छंदांत मुरलेले लोक तेवढ्यावर तृप्त होत नाहींत. बड्या संघांचीं भव्य क्रीडांगणें पाहून झालीं, म्हणजे ते खालच्या श्रेणींकडे वळतात. ज्या मैदानाच्या कडेला शंभर-दीडशेंच माणसें उभीं असतात, आणि त्यांतील निम्मीं खेळाडूंचे काका-मामा असतात, तें मैदान त्यांना अधिक प्रिय वाटतें. तेथें खेळ आणि गांव ह्यांच्यामध्यें भिंत नसते.

हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. पण सातारा, सांगली व कोल्हापूर ह्या जिल्ह्यांस असा छंद मुळींच नवा नाहीं. फरक इतकाच, कीं येथें हिरवळीच्या जागीं लाल माती आहे, आणि चेंडूच्या जागीं कुस्ती. यात्रेमागून यात्रा, गांवामागून गांव असें हिंडत कुस्त्यांचीं मैदानें पाहणारा ‘कुस्तीशौकीन’ हा ह्या मुलखांतील एक ओळखीचा मनुष्य आहे. त्याला दहा वर्षांपूर्वींच्या जोडी आठवतात, आणि कोणत्या गांवची माती कशी ह्यावर तो तासभर बोलूं शकतो.

ह्या वारीस मलकापूर हें मोठें सोयीचें ठाणें आहे. ह्या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. येथें अभिप्रेत आहे तें सातारा जिल्ह्यांतील, कराडास अगदीं लागून असलेलें, पुणें-बंगळूर हमरस्त्यावरचें मलकापूर. ह्या परिसरांतून पूर्वेकडे विट्यास, पुसेसावळीवरून औंधास, ताकारीवरून कुंडलास, दक्षिणेकडे वाळवें-शिराळ्यास आणि पश्चिमेकडे पाटणास जाणारे रस्ते फुटतात. घरीं जेवण उरकून निघालेला मनुष्य कुस्त्या पाहून रात्रीं घरीं परत येऊं शकतो.

मैदानांचा हंगाम पंचांगावर चालतो. मार्गशीर्षांत पुसेगांवास सेवागिरी महाराजांचा रथ निघतो. पौषांत औंधास यमाईची यात्रा भरते. आणि चैत्र-वैशाखांत ग्रामदैवतांच्या यात्रांची अशी दाटी होते, कीं एकाच दिवशीं कोणत्या गांवास जावें हा शौकिनास पेंच पडतो. आधीं पालखी व मागून कुस्त्या असा क्रम पुष्कळ गांवीं ठरलेला असतो. पूर्वींच्या औंध संस्थानांतील कुंडलाचें मैदान सबंध महाराष्ट्रांत नांवाजलेलें आहे. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं बांधविलेलें, १९१२ सालीं पुरें झालेलें खासबाग मैदान तर कुस्तीचें तीर्थच होय. तेथील बैठकी अशा चढत गेल्या आहेत, कीं शेवटल्या ओळींतल्या मनुष्यासही आखाडा स्पष्ट दिसावा. पण शौकिनाच्या यादींत हीं थोर नांवें एकेकदांच येतात. बाकीची यादी भरते ती लहान गांवांनीं.

लहान गांवचें मैदान म्हणजे पुष्कळदां ओढ्याकांठचें किंवा माळावरचें रिकामें शेत. मधोमध लाल माती पसरून ती चाळलेली व भुसभुशीत केलेली असते. तींत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस व काव मिसळतात. ताका-तेलानें मातीस मऊपणा येतो. खरचटलेली जागा चिघळूं नये हा हळदीचा हेतु. जाणता प्रेक्षक आधीं मूठभर माती हातांत घेऊन पाहतो, कारण अर्धी कुस्ती तिच्यांत असते. माती कडक असेल, तर पडणाऱ्यास मार बसतो. फार भुसभुशीत असेल, तर पाय रुतून डाव मंदावतो. घामानें निसटणारें अंग पकडींत यावें म्हणून पहिलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात. नवख्यास तो अपमान वाटतो. वस्तुतः तें सौजन्य असतें.

दुपार कलली, कीं हलगी वाजूं लागते व मुलांच्या कुस्त्या सुरू होतात. आठ-दहा वर्षांचीं पोरें नारळावर किंवा अल्प इनामावर झुंजतात. त्यांच्या जोडी आधीं ठरलेल्या नसतात. पंच उंची व अंगलट पाहून तेथल्या तेथें जोड लावतात. अलीकडे मुलींच्याही कुस्त्या ठेवण्याचा पाठ पडत चालला आहे. ऊन उतरतें तसतशी इनामाची रक्कम चढते, आणि भित्तिपत्रकावर ज्यांचीं छायाचित्रें छापलेलीं असतात ती पहिल्या क्रमांकाची जोड दिवेलागणीस आखाड्यांत उतरते. शड्डूचा आवाज होतो, सलामी झडते. मग कोणी ढाक टाकतो, कोणी घिस्सा मारतो, कोणी एकलंगी भरतो. एकाची पाठ मातीस लागली, म्हणजे निकाल झाला. नाहीं तर ती कुस्ती बरोबरींत सोडवितात. दोघांनीं आधींच ठरवून केलेली नूरा कुस्ती जुन्या प्रेक्षकास फसवीत नाहीं. तो लगेच ओरडून पंचांस जाब विचारतो.

हें सर्व मोठ्या मैदानावरही असतेंच. मग लहान मैदानापर्यंत जावयाचें कशास? ह्याचें उत्तर मलकापुराहून जवळच असलेल्या गोळेश्वर ह्या खेड्यांत मिळतें. खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचा जन्म १९२६ सालीं तेथें झाला. वडील कुस्तीगीर, मुलानें मातीचे धडे घरच्याच आखाड्यांत घेतले. कराडच्या टिळक हायस्कुलांत व पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत ते शिकले. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यांस गादीवर लढावें लागलें. सराव मातीचा, तरीही ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस ५७ किलो वजनाच्या गटांत त्यांनीं कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारतास मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचें १९९६ सालीं लिअँडर पेस ह्यांनीं टेनिसमध्यें मिळविलें. खाशाबांच्या प्रवासासाठीं राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर ह्यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. परत आल्यावर बैलगाड्यांची भली लांब मिरवणूक निघाली. आणि ऋण फेडण्यासाठीं खाशाबांनीं काय केलें, तर कुस्त्यांचें मैदान भरविलें. ऑलिंपिकच्या पदकामागें अशीं कितीतरी खेड्यांतलीं मैदानें उभीं होतीं.

पुढील काळांतही हेंच दिसतें. १९६० सालीं हिंदकेसरी झालेले गणपत आंदळकर शिराळा तालुक्यांतील पुनवतचे, आणि १९६४ चे हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठे पिरानचे. दोन्ही खेडींच. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत आज माती व गादी असे दोन विभाग असतात. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांवर मोजली जाते. मातीवर चितपट करणें हेंच पारंपरिक ध्येय. गादीशिवाय जागतिक पदक नाहीं हें खरें. पण ती शहरांतून व मोठ्या तालमींतून मिळते. खेड्यांतल्या पोरास पहिल्यानें कुस्तीची गोडी लागते ती यात्रेच्या मातींतच.

फुटबॉलचा शौकीन असेल, त्यासही हा संबंध कोल्हापुरास दिसेल. तेथील शाहू स्टेडियमवर जे संघ चुरशीनें खेळतात, त्यांच्यांत पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशीं नांवें आढळतात. पेठेची तालीम हीच तेथें फुटबॉलचीही आई झाली. चेंडू काय किंवा माती काय, खेळ गल्लींतून उगवतो, व गल्लीनेंच तो जगवावा लागतो.

येथेंच ह्या छंदाचें खरें महत्त्व आहे. पहिलवानाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई, वर्षाचे बाराही महिने चालतो. पण प्राप्ति होते ती मुख्यतः यात्रांच्या हंगामांत. इनामें गांवच्या वर्गणींतून उभीं राहतात, आणि वर्गणी गर्दी पाहून वाढते. २०२० च्या चैत्रांत करोनाच्या साथीमुळें यात्रा बंद पडल्या, आणि २०२१ च्या चैत्रांतही तीच स्थिति झाली. नामांकित मल्लांस कांहीं ना कांहीं आधार असतो. परंतु ज्यांचें नांव भित्तिपत्रकावर खालच्या ओळींत बारीक अक्षरांत येतें, त्यांची दोन वर्षांची कमाई बुडाली व खुराक मात्र तोडतां येईना. अशा वेळीं तालीम सुटते. आणि विशीच्या पोराची एकदां तालीम सुटली, म्हणजे तो बहुधा पुनः तिकडे फिरकत नाहीं. आजकाल अंतिम कुस्ती घरबसल्या पडद्यावर दिसते. ती अवश्य पाहावी. पण सर्वांनीं तेवढीच पाहिली, तर शिडीच्या खालच्या पायऱ्या कोणाच्या बळावर टिकावयाच्या?

म्हणून शहरांतील कुटुंबांनीं वर्षांतून एकदां तरी एखादें धाकटें मैदान गांठावें. यात्रेची तिथि आधीं विचारून घ्यावी, आणि संध्याकाळच्या बड्या जोडीसाठीं नव्हे, तर दुपारीं तीनच्या सुमारास मुलांच्या कुस्त्यांस पोहोंचावें. सोबत टोपी, पाण्याचें भांडें व एक वही असावी. वहींत गांव, तिथि, मातीचा रंग, आवडलेली जोड व वस्तादाचें नांव टिपावें. शेजारीं बसलेल्या म्हाताऱ्यास डावाचें नांव विचारावें. तो आनंदानें सांगेल, व वर दहा जुन्या कुस्त्याही सांगेल. आणि एखादा पोर नारळ जिंकून मातीनें माखलेला समोरून जाऊं लागला, तर त्याच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवून त्याचें नांव विचारावें. परगांवचा कोणी मनुष्य आपली कुस्ती पाहावयास येऊन बसला होता, हें तो घरीं गेल्यावर आईस सांगतो. आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे तालमींत जावयास त्याला कोणी उठवावें लागत नाहीं.