धर्मग्रामाची छोटी शाळा

अमेरिकेतली छोटी कॅथलिक प्राथमिक शाळा बहुधा चर्चच्या आवारातच भरते. बालवर्ग ते आठवी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी आणि सगळी मिळून दीड-दोनशे मुले. पट फारच उतरला की तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, एकाच बाईंकडे बसतात. ‘कॉन्व्हेंट’ म्हटल्यावर मराठी पालकाला प्रवेशाची रांग आणि इंग्रजीचा दबदबा आठवतो. या शाळेचे त्याच्याशी फारसे नाते नाही. ती धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कुटुंबांची शाळा आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सरकारी शाळांवर प्रोटेस्टंट छाप होती. आयर्लंड, जर्मनी, इटली, पोलंड इथून आलेल्या कॅथलिक कुटुंबांना ती खुपत असे. 1884 मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या परिषदेत बिशपांनी प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांत शाळा उभारावी, असे ठरवले. पुढे ऑरेगॉन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळेतच पाठवण्याची सक्ती केली, तेव्हा 1925 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. 1960 च्या दशकात प्राथमिक आणि माध्यमिक मिळून जवळजवळ 13,000 कॅथलिक शाळा होत्या आणि त्यांत 52 लाखांवर मुले शिकत होती. शिकवणाऱ्या बहुतेक धर्मभगिनी असत आणि त्यांचे वेतन नाममात्र असे. एका वर्गात पन्नास-साठ मुले बसणे तेव्हा नवलाचे नव्हते.

आज शाळा सहा हजारांच्या आसपास उरल्या आहेत आणि विद्यार्थी सतरा लाखांच्या आतबाहेर. धर्मभगिनी तर क्वचितच वर्गावर दिसतात. शाळेच्या माहितीपत्रकात ‘छोटे वर्ग’ मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, पण हा छोटेपणा कोणी शैक्षणिक तत्त्व म्हणून निवडलेला नाही. पट ओसरत गेला आणि शाळा लहान होत गेली.

या शाळांची गुणवत्ता चांगली, असे सर्रास म्हटले जाते, आणि वरवरचे आकडे त्याला दुजोरा देतात. 2022 च्या राष्ट्रीय शैक्षणिक चाचणीत सरकारी शाळांच्या चौथीतल्या मुलांची वाचनाची सरासरी 216 होती, तर कॅथलिक शाळांची 233. कोविडच्या काळात सरकारी शाळांची सरासरी घसरली. कॅथलिक शाळा मात्र बऱ्याचशा जागेवर राहिल्या. बहुतेक शाळांनी 2020 च्या शरद ऋतूत वर्ग पुन्हा भरवले होते, आणि पट कमी असल्याने मुलांना अंतर ठेवून बसवणे त्यांना सोपे गेले.

पण या फरकातला शाळेचा वाटा किती आणि घराचा किती? समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी 1982 मध्ये सहकाऱ्यांसह कॅथलिक शाळांची बाजू उचलून धरली खरी, पण त्यांचा अभ्यास हायस्कूलचा होता. प्राथमिक शाळांचे चित्र वेगळे निघाले. 2009 मध्ये शॉन रिअर्डन आणि सहकाऱ्यांनी बालवर्ग ते पाचवीच्या मुलांची तुलना सारख्याच घरांतल्या सरकारी शाळेच्या मुलांशी केली. कॅथलिक शाळेतली मुले वाचनात पुढे नव्हती आणि गणितात चक्क मागे होती. 2014 मध्ये एल्डर आणि जेपसन हे अर्थशास्त्रज्ञही साधारण याच निष्कर्षाला आले. फी भरून मुलाला शाळेत घालणारे आईवडील घरी अभ्यासही घेतात आणि निजण्यापूर्वी पुस्तकही वाचून दाखवतात. ती मुले पहिल्या दिवशीच थोडी पुढे असतात. शिवाय ज्यांना विशेष शिक्षणाची गरज आहे, अशा अनेक मुलांना या शाळा घेऊ शकत नाहीत, कारण त्यासाठी लागणारे शिक्षक ठेवण्याइतका पैसा त्यांच्याकडे नसतो.

एखाद्या एका शाळेबद्दल तर गुणांवरून बोलणे आणखी अवघड आहे. वर्गात चौदा मुले असतील, तर दोन हुशार मुले गाव सोडून गेल्यावर वर्गाची सरासरी कोसळते. त्यात शिक्षिकेचा काहीच दोष नसतो. शिवाय राष्ट्रीय चाचणी नमुना पद्धतीने होते आणि शाळानिहाय निकाल देत नाही.

मग गुणवत्ता दिसते कुठे? मुख्यतः ओळखीत. पहिलीच्या बाईंना चौथीतल्या मुलाची अडखळ ठाऊक असते, कारण त्यांनीच ती आधी पाहिलेली असते. आठवीतली मुले बालवर्गातल्या मुलांना पुस्तक वाचून दाखवतात. रविवारी चर्चमधल्या मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, बाई आणि आईवडील समोरासमोर भेटतात, त्यामुळे तक्रार फार दिवस दबून राहत नाही.

या ओळखीची किंमतही मोजावी लागते. इयत्तेला एकच तुकडी असल्याने शिक्षिका कच्ची निघाली, तर साऱ्या वर्गाचे वर्ष वाया जाते. दोन मुलींचे बिनसले, तर त्या आठ वर्षे एकाच खोलीत बसणार. संगीताचे शिक्षक आठवड्यातून एकदा येतात, विज्ञानाची स्वतंत्र प्रयोगशाळा असेलच असे नाही, आणि मुख्याध्यापिका कधी कधी गणितही शिकवते.

या साऱ्याच्या मुळाशी पैसा आहे. भारतात राज्यघटनेच्या अनुच्छेद 30 नुसार अल्पसंख्याकांची संस्था आहे म्हणून अनुदान देताना भेदभाव करता येत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी चर्चसंचालित शाळांतले पगार सरकारी तिजोरीतून होतात. अमेरिकेत 1971 च्या ‘लेमन विरुद्ध कर्ट्झमन’ निकालाने अशा शिक्षकांच्या पगाराला सरकारी हातभार लावण्याची वाट बंद केली. 2002 मध्ये क्लीव्हलंडच्या खटल्यात पालकांच्या हाती फीसाठी दिलेल्या सरकारी व्हाउचरला मात्र न्यायालयाने मान्यता दिली, आणि आता काही राज्यांत शाळा त्यावरच तगून आहेत. इतरत्र फी, चर्चची मदत आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी तळलेल्या माशांची जेवणे विकून जमणारी रक्कम, यांवर भागवावे लागते. शिक्षकांचा पगार सरकारी शाळेपेक्षा कमी असतो, म्हणून तरुण शिक्षक अनुभव गाठीला बांधून निघून जातात.

शाळा बंद पडते तेव्हा मुले दुसऱ्या शाळेत जातात. पण मार्गारेट ब्रिनिग आणि निकोल गार्नेट या कायद्याच्या अभ्यासकांनी 2014 च्या पुस्तकात शिकागोतल्या बंद झालेल्या कॅथलिक शाळांच्या भोवतालच्या वस्त्यांचा हिशेब मांडला. त्या वस्त्यांत शेजाऱ्यांमधला विश्वास कमी झाला होता, आणि शहरात इतरत्र गुन्हे ज्या वेगाने घटत होते, त्या वेगाने ते तिथे घटत नव्हते.