नळीच्या टोकाशी

अंडाशयाचा म्हणून दफ्तरी नोंदला जाणारा सर्वांत घातक कर्करोग पुष्कळदा अंडाशयात जन्मतच नाही, हे एका व्याख्यानात ऐकल्यापासून ती गोष्ट मनातून जाईना, म्हणून रीतसर परवानगी काढून मी एका रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागात जाऊन बसलो. फॉर्मलिनच्या उग्र दर्पाने माझे डोळे झरत होते. परंतु त्याच दर्पात हयात घालवलेल्या डॉक्टरबाईंची नजर समोरच्या बोटभर करड्या नळीवरून ढळत नव्हती.

बीआरसीए जनुकातला दोष वारशाने आलेल्या एका स्त्रीने रोग होण्याआधीच अंडाशयांसह काढून घेतलेली ती गर्भनलिका होती. पूर्वीच्या वहिवाटीप्रमाणे अशा नळीचे एक-दोन छेद घेऊन काम उरके; बाईंनी मात्र अंडाशयाकडे उघडणारी झालर वेगळी काढून उभी चिरली, उरलेल्या नळीचे दर २-३ मिलिमीटरवर आडवे काप घेतले आणि एकही तुकडा टाकला नाही. मेणाचे ठोकळे, पातळ छेद, रंग हे सोपस्कार यथाक्रम झाले.

सूक्ष्मदर्शकाखाली झालरीच्या घड्यांवरून पेशींची ओळ शिस्तीने चालली होती, आणि एका चिमुकल्या जागी मात्र त्यांची केसाळ टोके नाहीशी होऊन केंद्रके मोठी, काळपट, एकमेकांवर रेललेली झाली होती. पी-५३ प्रथिनाच्या चाचणीत नेमका तेवढाच पट्टा गडद तपकिरी उमटला होता.

"पाहा, अजून इथेच आहे," बाई म्हणाल्या. "इथून अंडाशयापर्यंत पोचायला ६-७ वर्षे लागतात, असा अंदाज आहे."

मोजक्या रुग्णांच्या जनुकीय अभ्यासावरून काढलेला असला, तरी त्या ६-७ वर्षांच्या अंदाजाने मला पछाडले. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००१ साली अशाच नळ्यांत हे बदल दाखवून देईपर्यंत सारा ठपका अंडाशयावरच होता.

इतर प्रकारांची कुळे निराळी. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयात रुजून रक्ताने भरलेल्या गाठी होतात, त्यांतून काही उपजतात. श्लेष्मल प्रकारचे पुष्कळसे तर जठर-आतड्यांतून आलेले परके असतात. कोवळ्या मुलींत आढळणारे बहुधा बीजपेशींचे असतात.

ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत अंडाशयाच्या कर्करोगासाठी दरवर्षी तपासणी करूनही त्याने होणारे मृत्यू घटले नाहीत, हे २०२१ साली जाहीर झाले. त्या ६-७ वर्षांत सोनोग्राफीला काहीच दिसत नाही. म्हणूनच कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून, गर्भाशय काढताना नळ्याही काढाव्यात, असा सल्ला शल्यचिकित्सकांना दिला जातो. आपल्याकडेही त्या शस्त्रक्रियेआधी हा विचार प्रत्येक स्त्रीपुढे स्पष्ट शब्दांत मांडला गेला पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.