कर्जरोख्यांच्या मुलाखतीसाठी काय वाचावे?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने कर्जरोख्यांच्या खरेदी-विक्रीची नोकरी धरावी, हे डोंबिवलीत अजून अनेकांना पटत नाही. मला मात्र तीच हवी आहे, आणि पैसे एकाच पुस्तकापुरते! प्रश्नोत्तरांची गाइडे टाळली. त्यांत उत्तर असते, कारण नसते. फॅबोझी यांचा ग्रंथ घेतला. त्यातलीही किंमत व परतावा यांवरची प्रकरणे आधी. मग कागद-पेन्सिल. समजा, एका रोख्यावर वर्षाने १०७ रुपये मिळणार आहेत. बाजारातला दर ८ टक्के, तर आजची किंमत ९९.०७, दर ७ वर उतरला की पूर्ण १००. हे नाते उमगल्याशिवाय मुलाखतीला जाऊच नये. सरावाला रिझर्व्ह बँकेच्या साप्ताहिक लिलावांचे निकाल फुकट मिळतात. सुरुवात ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलांपासून करावी. त्यांत मधले व्याज नसते. लोकलमध्ये बसायला मिळाले, तर ठाण्यापर्यंत दोन गणिते होतात.