एका लॉर्डाच्या दोन पदव्या

इंग्लंडातला लॉर्ड वारला म्हणजे त्याची पदवी कोणाकडे जाते? ‘थोरल्या मुलाकडे,’ असे आपण चटकन सांगाल, आणि ते बरोबरही आहे. पण मुलगाच नसला तर? आपल्याकडे अशा वेळी घरातली वडील माणसे दत्तकाची गोष्ट काढतात. तिकडे दत्तकाचा काही उपयोग नाही. तिकडे आधी सनद उघडून बघायची.

उमरावपद हे राजाने एका माणसाला दिलेले असते, आणि ते पुढे कोणाकडे जावे हे देतानाच सनदेत लिहिलेले असते. बहुतेक सनदांचा आशय असा, की हे पद त्या माणसाच्या पोटच्या, लग्नसंबंधातून झालेल्या पुरुष संततीकडे चालावे. एवढ्याशा मजकुराने मुलगी वगळली, दत्तक वगळला, लग्नाबाहेरचा मुलगाही वगळला. मृत्युपत्र करून पदवी दुसऱ्याला देता येत नाही. लॉर्ड आपला वाडा विकील, जमीन गहाण टाकील. पदवी मात्र त्याच्या हातात नाही.

आता उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्या चांगल्या ओळखीच्या माणसाचे. १८४८ ते १८५६ या काळात हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल असलेला लॉर्ड डलहौसी. याचे रॅम्से घराणे मूळ स्कॉटलंडचे. त्यांच्या पूर्वजाला १६३३ साली ‘अर्ल’ ही पदवी मिळाली. आपला डलहौसी हा बापाचा तिसरा मुलगा. पण दोघे थोरले भाऊ आधीच वारले होते, म्हणून १८३८ साली वडिलांमागे तो दहावा अर्ल झाला. पुढे १८४९ साली पंजाब खालसा केल्यावर राणीने त्याला ‘मार्क्विस’ केले. हे पद अर्लच्या वरचे. म्हणजे एकाच माणसाकडे दोन पदव्या झाल्या, एक दोनशे वर्षांची जुनी आणि एक अगदी कोरी.

१८६० साली डलहौसी वारला. मागे दोन मुली, मुलगा नाही. आता काय झाले पाहा. शिक्षक बंधूंनी हवे तर फळ्यावर वंशवेल काढावी, म्हणजे मुलांना पटकन उमगेल. नव्या पदवीचा मूळ पुरुष डलहौसी स्वतःच. तेव्हा वारस शोधायचा तो त्याच्या खालीच, आणि खाली पुरुष कोणी नाही. मार्क्विस ही पदवी तिथल्या तिथे संपली. जुन्या पदवीचे मूळ मात्र १६३३ सालात. तिच्यासाठी वेलीवर मागे चढत जायचे आणि दुसऱ्या फांदीवर उतरायचे. आजोबांच्या, म्हणजे आठव्या अर्लच्या, दुसऱ्या मुलाचा मुलगा फॉक्स मॉल हा सापडला. हा डलहौसीचा सख्खा चुलतभाऊ. तो अकरावा अर्ल झाला. पाटीलकीच्या वतनात भाऊबंद कसे पुढे येत, हे ज्यांनी पाहिले-ऐकले आहे त्यांना हे नवे वाटणार नाही.

गंमत पुढेच आहे. या फॉक्स मॉलकडे वडिलांकडून आलेली, १८३१ सालची ‘बॅरन पॅनम्यूर’ ही आणखी एक पदवी होती. तोही १८७४ साली निपुत्रिक वारला. पुन्हा तेच! नवी पदवी बुडाली, जुनी आणखी एका चुलतभावाकडे गेली. ती आजही चालू आहे.

आणि मुलींचे काय? डलहौसीला आईकडून आलेली कोल्स्टनची इस्टेट थोरल्या मुलीला मिळाली. जमिनीला मुलगी चालली, पदवीला चालली नाही.

हाच डलहौसी १८४८ साली सातारच्या गादीचा विचार करायला बसला होता. आप्पासाहेब महाराजांनी मरणापूर्वी दत्तक घेतला होता. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याचे मत दत्तक मान्य करावा असे होते. डलहौसीचे म्हणणे असे पडले की, दत्तकाने खाजगी मिळकत खुशाल घ्यावी, पण सार्वभौम सरकारच्या संमतीवाचून राज्य त्याला मिळत नाही. राज्य खालसा झाले. त्यात राज्यलोभ होता हे उघड आहे, ते झाकायचे कारण नाही. पण माझ्या मते आणखीही एक गोष्ट होती. ज्या समाजात दत्तकाला कायद्याची मान्यताच नव्हती, त्या समाजातून हा मनुष्य आला होता. इंग्लंडात असा कायदा झाला तो थेट १९२६ साली, आणि दत्तक मुलाला उमरावपद तर आजही मिळत नाही. पिंडाला आणि गादीला दत्तक पुत्र औरसासारखाच, हे आपले म्हणणे त्याच्या मनाला भिडणे कठीणच होते.

तरी सनदेचा मजकूर दगडावरची रेघ नव्हे. लिहितानाच तो निराळा लिहिता येतो. आपले शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांनाही दोन मुलीच होत्या. १९४७ साली त्यांना अर्ल केले तेव्हा, मुलगा नसल्यास पदवी मुलीकडे जावी, अशी तरतूद सनदेतच घातली गेली. १९७९ साली ते बाँबस्फोटात मारले गेले आणि थोरली मुलगी पॅट्रिशिया ‘काउंटेस’ झाली. २०१७ साली ती वारली, तेव्हा पदवी तिच्या मुलाकडे गेली.