डोक्याचं ऑफिस कधी सुटणार?

रात्रीचे साडेबारा. दिवा बंद, पंखा तीनवर, अंगावर पांघरूण. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटलेलं शरीर केव्हाच आडवं झालंय. डोकं मात्र अजून ऑफिसातच! क्लायंटला मेल गेला का? बॉस मीटिंगमध्ये असं का बोलला? ईएमआयची तारीख पाच की सात? मग 'जरा बघूया' म्हणत हात मोबाइलकडे जातो... आणि दीड वाजतो.

ओळखीचं वाटतंय ना? मग हे आज रात्रीच करून बघा.

काळजी कागदावर उतरवा

संपलेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामं मनात जास्त घोळतात, असं ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ सालीच मांडलं होतं. म्हणूनच रात्री ती एकेक करून दार वाजवतात. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. कागद आणि पेन! अमेरिकेतल्या बेलर युनिव्हर्सिटीने १८ ते ३० वयाच्या ५७ जणांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. पुढची यादी लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले. यादी जितकी बारकाईने लिहिलेली, तितकी झोप लवकर! म्हणजे 'बॉसशी बोलायचं' एवढंच नको. 'मंगळवारी लंचनंतर बॉसकडे दहा मिनिटं मागायची' असं लिहा. आणि हो, मोबाइलवर नाही, वहीतच.

बिछाना म्हणजे क्युबिकल नव्हे

मांडीवर लॅपटॉप, उशीशी चार्जर... मग बिछाना दिसला की मेंदूला कामच आठवणार! वीसेक मिनिटं झोप आली नाही, तर कूस बदलत पडून राहू नका. सरळ उठा. मंद दिव्यात एखादं जुनं पुस्तक चाळा, कपड्यांच्या घड्या घाला. रूममेट घोरत असेल तर स्वयंपाकघरातलं स्टूलही चालेल. डोळे जड झाले की परत या. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच ठेवा, रविवारीसुद्धा!

आधी अंग सैल सोडा

झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. त्वचेतून उष्णता बाहेर पडते, शरीर आतून थंड होतं आणि झोप सोपी होते. मग पडल्या पडल्या मुठी पाच सेकंद घट्ट आवळा, सोडा. तसंच खांदे, पोटऱ्या, पावलं. कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सहाच्या कॉफीतलं निम्मं कॅफीन अकरालाही तुमच्या अंगात ड्युटीवर असतं! 'एक पेग मारला की झोप येते' म्हणणाऱ्यांनो, ती पहाटे मोडते, त्याचं काय?

तरीही जमलं नाही तर?

आठवड्यातल्या तीन-तीन रात्री, तीनेक महिने असंच चाललं असेल, तर तो आळस नाही की नाटकं नाहीत. डॉक्टरांना भेटा. मित्राच्या गोळ्या घेऊ नका. झोपेसाठीची 'सीबीटी-आय' ही गोळ्यांशिवायची थेरपी चांगली उपयोगी पडते. मन फारच जड झालं, तर सरकारची 'टेली मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर रात्रीही सुरू असते.

ऑफिसचं शटर वॉचमन पाडतो. डोक्यातलं मात्र आपल्यालाच पाडावं लागतं. मग, वही कुठे ठेवलीय?